आठशे रुपयांत नेमकं काय विकत घेतोय?

नाशिकहून मी पुन्हा तुमच्याशी गप्पा मारायला आलोय. आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. हा मुलगा सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो विचारतो, "दादा, स्टीमवर अडीच हजारांची गेम दुसऱ्या एका साइटवर आठशेला मिळतेय. शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत. घेऊ का?"

हो-नाही नंतर सांगतो. आधी त्याला आठशे रुपयांत काय मिळणार ते बघू.

त्याला मिळणार एक ॲक्टिव्हेशन की. 'की' म्हटलं की ऐकताना गोंधळ होतो, म्हणून मी कोड म्हणतो. स्टीमचा कोड बहुतेक वेळा पाच-पाच अक्षरांच्या तीन गटांचा असतो. तो टाकला की गेम तुमच्या खात्यात येते. पण ती खात्यात राहणार की नाही, हे शेवटी कंपनीच्या हातात असतं. जुनी बाइक घेताना आपण आरसी बुक बघतो, आधीचा मालक कोण ते विचारतो. कोडला आरसी बुक नसतं.

मग हे कोड इतके स्वस्त कसे? काही सरळ मार्गाने येतात. कुणी सेलमध्ये घेऊन ठेवलेले असतात, कुणाकडे बंडलमधले उरलेले असतात. काही स्वस्त किमतीच्या देशातून आणलेले असतात. असा कोड त्या देशापुरताच असला, तर तो नाशिकमध्ये चालणारच नाही.

तिसरा मार्ग चोरीचा. चोरीच्या क्रेडिट कार्डावर कोड घ्यायचे आणि खुल्या बाजारात अर्ध्या किमतीत विकून टाकायचे. पुढे कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, बँक व्यवहार उलटवते. यालाच चार्जबॅक म्हणतात. गेम बनवणाऱ्याचे पैसे जातात, वर बँकेचा दंड बसतो. मग तो कोड रद्द करतो. चोर तोवर पैसे घेऊन गेलेला असतो. सापडतो तो शेवटचा गिऱ्हाईक, म्हणजे आपण.

हे नुसतं घाबरवणं नाही. जानेवारी २०१५ मध्ये युबिसॉफ्टने 'फार क्राय ४'सारख्या गेम्स अनेकांच्या खात्यांतून काढून टाकल्या होत्या. चोरीच्या कार्डांवर घेतलेले कोड पुढे विकले गेले, असं कारण कंपनीने दिलं. ज्यांनी खेळायला सुरुवात केली होती, त्यांना गेम परत मिळाली. पण ती कंपनीची मेहेरबानी होती, दरवेळी होईलच असं नाही.

दुसरं उदाहरण 'फॅक्टोरिओ' या गेमचं. जीटूए या मोठ्या बाजारावर आपले चोरीचे कोड विकले गेले, असं ती बनवणाऱ्या वूबे कंपनीचं म्हणणं होतं. २०२० मध्ये जीटूएने १९८ कोडांबाबत ते मान्य केलं आणि ३९,६०० डॉलर भरले. बाजार चालवणाऱ्यालाही जे वेळेत कळलं नाही, ते आपल्याला मोबाइलच्या स्क्रीनवर कसं कळणार?

आपल्याकडे आणखी एक प्रकार चालतो. टेलिग्रामवर कुणीतरी दोनशे रुपयांत 'ऑफलाइन ॲक्टिव्हेशन' देतो. तो कोड देत नाही, स्वतःच्या खात्याचा पासवर्ड देतो. तोच पासवर्ड आणखी किती जणांना विकलाय ते त्यालाच ठाऊक! स्टीमच्या नियमांत हे बसत नाही. खातं बंद झालं की गेम गेली, आणि टेलिग्रामवरचा 'भाऊ' ब्लॉक करून मोकळा. त्याने एखादी फाइल पाठवून "अँटीव्हायरस बंद कर" असं सांगितलं, तर तिथेच थांबा. त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं लॉगिन असतं.

रिफंडचंही लक्षात ठेवा. स्टीमवर घेतलेली गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळली असेल, तर साधारणपणे पैसे परत मिळतात. बाहेरून घेतलेल्या कोडाचे पैसे स्टीम देत नाही.

तर मित्रा, माझं उत्तर 'नको' असं आहे. गेम विशलिस्टमध्ये टाक आणि सेलची वाट बघ. घाई असेल तर हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग अशी दुकानं आहेत, ती कोड थेट कंपन्यांकडून घेतात. दुकान माहितीचं नसेल, तर गेम बनवणाऱ्याच्या साइटवर त्याचं नाव आहे का ते बघ.

आणि कुणी आधीच फसलं असेल, तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा, पेमेंटचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. घरच्यांनाही सांगा. ओरडा बसेल, पण पैसे अडवायचे असतील तर सुरुवातीचे काही तासच हातात असतात.

अडीच हजारांची गेम सहा महिन्यांनी स्वस्त होईल. शिकवण्यांचे आठशे रुपये मात्र पुन्हा शिकवूनच मिळवावे लागतील. चला, भेटू पुढच्या भागात.