वैलावरचं भांडं



रखडलेल्या कामाविषयी बोलताना कचेऱ्यांतून, बैठकांतून एक इंग्रजी वाक्प्रचार सर्रास कानांवर पडतो : ‘ऑन द बॅक बर्नर’. ‘ते काम सध्या बॅक बर्नरवर आहे,’ असं म्हटलं की सांगणारा सुटतो आणि विचारणारा गप्प बसतो. पण त्याचा नेमका अर्थ काय?

हा शब्दप्रयोग अमेरिकेतल्या स्वयंपाकघरातला. तिकडच्या शेगडीला बहुधा चार बर्नर असतात. दोन पुढे, दोन मागे. सतत लक्ष द्यावं लागतं ते भांडं पुढे, मंद आचेवर आपलं आपण शिजतं ते मागे. आपल्या गॅसचे दोन बर्नर शेजारी शेजारी, म्हणून हे चित्र चटकन डोळ्यांपुढे येत नाही. पण चूल आठवून पाहा. चुलीला लागून वैल असे. भाकरी चुलीवर, आमटी वैलावर. चुलीचीच धग वैलाला मिळे आणि आमटी गरम राही. बॅक बर्नर म्हणजे आपला वैलच की!

म्हणजे मागे सारलेल्या भांड्याखाली आच असते, हे महत्त्वाचं. ‘वुई हॅव पुट द प्लॅन ऑन द बॅक बर्नर’ याचा अर्थ : आज घाईचं दुसरं काम आहे, पण हे आम्ही सोडलेलं नाही. सोडूनच दिलं असेल तर इंग्रजीत ‘ड्रॉप्ड’ म्हणावं. बेत गुंडाळून ठेवला असेल तर ‘शेल्व्ह्ड’, म्हणजे फळीवर टाकलेला. मराठीतही हे भेद आहेतच. कागद बासनात जातात, बेत बारगळतो आणि निर्णयच होत नसेल तर घोंगडं भिजत पडतं.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. आमच्या वाचनालयाला एका निवृत्त शिक्षकांनी बालविभागासाठी पुस्तकं देऊ केली होती. ते दर महिन्याला चौकशी करत आणि ‘बॅक बर्नरवर आहे’ हे उत्तर ऐकून परत जात. शेवटी बैठकीत मी विचारलं, ‘हे काम कोणाकडे आहे? पैसे किती ठेवलेत? पुन्हा कधी हाती घेणार?’ तिन्हींचं उत्तर नव्हतं. मग आम्ही गुरुजींना सरळ कळवलं, की बालविभाग होणार नाही. त्यांना वाईट वाटलं. पण पंधरवड्यात ती पुस्तकं जवळच्या एका शाळेत पोचली आणि मुलांच्या हातांत पडली.

तेव्हा हा शब्दप्रयोग जरूर वापरा; पण आधी माणूस, पैसा आणि तारीख, यांतलं काही ठरलंय का ते पाहा. काहीच ठरलेलं नसेल, तर ‘हे होणार नाही’ असं स्पष्ट सांगावं. वाट पाहणारा निदान दुसरी वाट तरी धरतो.