मोटारीचे हादरे आणि त्यांवरील नवा उपाय
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात तळेरे येथे केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म मुलांना शिकविण्यात गेला. तेव्हा आम्ही यंत्रशास्त्रावर बोलावे हे कित्येकांस नवल वाटेल. परंतु हा विषय आपल्या पाठीच्या कण्याशी निगडित आहे. आपल्या तळेऱ्यास मुंबई–गोवा महामार्गाला एका अंगाने विजयदुर्गाचा आणि दुसऱ्या अंगाने वैभववाडी–गगनबावड्यावरून कोल्हापुरास जाणारा रस्ता मिळतो. गणपतीला येणारे मुंबईकर, मालाचे ट्रक आणि उपचारासाठी घाट चढून कोल्हापुरास न्यावयाचे रोगी, सारे येथूनच जातात. हादरा कोणासही चुकलेला नाही.

मोटारीच्या बैठकीखाली आजवर दोनच वस्तू काम करीत आल्या. पहिली स्प्रिंग किंवा पाटे. ती धक्का झेलते. दुसरी शॉकॲब्सॉर्बर, झेललेला धक्का मोटारीस वरखाली नाचवीत राहू नये म्हणून तो जिरवून त्याची उष्णता करते. यात अडचण अशी की, स्प्रिंग मऊ ठेवावी तर खड्डा कळत नाही, पण घाटाच्या वळणावर मोटार कलते. कडक ठेवावी तर वळण सुरक्षित, पण कंबर मोडते. एकाच पाट्याकडून दोन्ही गुण मागता येत नाहीत. ट्रकचे पाटे भरल्या मालाच्या हिशेबाने बांधलेले असतात. म्हणून रिकामा ट्रक अधिक उसळतो, हे आपण पाहतोच.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय म्हणजे क्रियाशील सस्पेन्शन. यात चाक नुसते धक्का सोसत नाही. संवेदक चाकाची व मोटारीची हालचाल टिपतात, संगणक क्षणार्धात हिशेब करतो, आणि तेलाच्या दाबाने किंवा विजेच्या बळाने चाक वर ओढले जाते अथवा खाली रेटले जाते. चाकाने खड्ड्यात जावे, वरच्या माणसाने मात्र समतल राहावे, अशी ही कल्पना. वळणावर मोटार कलू न देणेही यास साधते.

हे केवळ कागदावर राहिले नाही. इंग्लंडच्या लोटस कंपनीने १९८३ मध्ये ते शर्यतीच्या मोटारीत आणले. १९८७ मध्ये मोनाकोची शर्यत आयर्टन सेना याने अशाच मोटारीने जिंकली. १९९२ मध्ये विल्यम्सच्या मोटारीने नायजेल मॅन्सेल नऊ शर्यती जिंकून जगज्जेता झाला. पुढे १९९४ पासून शर्यतींत या युक्तीस बंदी झाली. १९९९ मध्ये मर्सिडीजने तेलदाबाची यंत्रणा विक्रीच्या मोटारीत दिली, आणि २०१३ मध्ये पुढचा रस्ता कॅमेऱ्याने पाहून आधीच सज्ज होणारी मोटार काढली.

आता दुसरी बाजू पाहू. तेलाचा दाब पंपाने राखावा लागतो आणि पंप इंजिनाची शक्ती खातो. म्हणजे इंधन अधिक. यंत्रणेचे वजन वाढते, किंमत वाढते. तेलाची नळी गळू लागली तर मोटार त्या अंगावर बसते, आणि ती दुरुस्त करणारा कारागीर आपल्या नाक्यावर मिळणे कठीण. पाटा तुटला तर कणकवलीस नवा मिळतो. संगणक बिघडला तर मोटार दुसऱ्या गाडीवर चढवून शहरात न्यावी लागते. कॅमेऱ्यास उजेड आणि स्वच्छ रस्ता लागतो. आपल्या श्रावणसरींत पाण्याने भरलेला खड्डा तो पाहील, पण त्याची खोली त्यास कशी कळावी?

या संदर्भात एका बंगाली कुळातील पुरुषाची कथा बोधप्रद आहे. ब्रिटिशांच्या जाचामुळे अमेरिकेस गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र अमर बोस, ध्वनियंत्रांचे प्रख्यात निर्माते, यांनी १९८० मध्ये हे संशोधन हाती घेतले. २००४ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय मोटरींवर चालणारी मोटार जगास दाखविली. ती अडथळ्यावरून चक्क उडी मारून जाई. पण वजन आणि किंमत यांमुळे ती बाजारात आली नाही. तेव्हा बोस यांच्या कंपनीने २०१० मध्ये तीच विद्या ट्रकचालकाच्या आसनाखाली बसविली. सारी मोटार तोलण्यापेक्षा ज्याची पाठ दुखते त्या एकालाच तोलावे, हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो.

मधला मार्गही आहे. अर्धक्रियाशील सस्पेन्शनमध्ये चाक रेटले जात नाही. फक्त शॉकॲब्सॉर्बरचा कडकपणा रस्ता पाहून क्षणोक्षणी बदलतो. त्यास शक्ती अत्यल्प लागते, आणि वीज बंद पडली तरी साधा शॉकॲब्सॉर्बर शिल्लक राहतो. महिंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या विजेच्या मोटारींच्या काही प्रकारांत ही सोय दिली आहे.

मग आपण काय करावे? तरुण मित्रांस आमचे सांगणे असे की, केवळ प्रतिष्ठेसाठी कर्ज काढून अशी मोटार घेऊ नये. टायरमधील हवा योग्य ठेवावी, झिजलेले शॉकॲब्सॉर्बर वेळेवर बदलावेत. निम्मा हादरा तेथेच संपतो. मंडळाने कधी रुग्णवाहिका घेण्याचे ठरविले, तर वर्गणीचा पैसा बाहेरच्या दिमाखावर न घालता रोग्याच्या स्ट्रेचरखालील धक्काशोषक व्यवस्थेवर आधी खर्च करावा. अस्थिभंग झालेला मनुष्य करूळ घाटातून जाताना त्याचे मोल जाणतो.

आणखी एक गोष्ट. ज्यास हादरा बसत नाही तो रस्त्याबद्दल तक्रार करीत नाही. मोटारवाल्यांची पाठ सुखी झाली म्हणून एस.टी.तील म्हातारीचे व दुचाकीवरील शिक्षकाचे दुःख कमी होत नाही. यंत्र एका कुटुंबाचा खड्डा चुकवील. बुजविलेला खड्डा मात्र साऱ्या गावाचा चुकतो. म्हणून नव्या विद्येचे स्वागत करावे आणि रस्त्यासाठी अर्ज करणेही सोडू नये, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.