डोंगराची सायकल आणि मुरमाची वाट



साहित्य, इतिहास, शेतीचे अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या रांगेत आज सायकल येऊन उभी राहिली आहे, तीही भिंतीला टेकून. कारण हल्लीच्या गिअरवाल्या सायकलीला स्टँडसुद्धा वेगळा विकत घ्यावा लागतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठेही जा, दुकानापुढे दोन जातींच्या गाड्या लावलेल्या असतात. एक जाड, दातेरी टायरची, पुढे शॉकप असलेली, अंगभर स्टिकर ल्यालेली. तिला कोणी एमटीबी म्हणतो, कोणी माउंटन बाइक, बहुतेक जण नुसते ‘गिअरची’ म्हणून मोकळे होतात. दुसरी बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगासारखे हँडल खाली वळलेली रोड बाइक, म्हणजे आपली ‘रेसर’. घेणारा विचारतो, पळते कोणती? विकणारा विचारतो, बजेट किती? टायरखाली काय येणार आहे आणि फाट्यावर हवा कोण भरून देणार आहे, हे दोन प्रश्न कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या हिंगोली जिल्ह्यात सायकलची निवड याच दोन प्रश्नांवर ठरते. डोंगर आणि वेग हे मुद्दे त्यानंतर येतात.

आधी नावाचा घोळ मिटवू. माउंटन बाइक ही कुठल्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यातली काही टारगट पोरे १९७० च्या दशकात १९३०–४० च्या काळातल्या जड, फुगीर टायरच्या जुन्या सायकली भंगाराच्या भावात उचलायची आणि डोंगरावरच्या मातीच्या वाटांवरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर पहिली शर्यत लावली. त्या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’. का, तर उलटे पायडल मारून लागणारा हबमधला ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागायचे. पुढे जो ब्रीझ, गॅरी फिशर वगैरे मंडळींनी त्यावर गिअर चढवले, फ्रेम नव्याने बांधल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा प्रकार शर्यत म्हणून दाखल झाला. या हकिकतीत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एकच: मूळ सायकल वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांची होती आणि तिच्यात शॉकप नव्हता. खराब वाट तिने पेलली ती टायरमधल्या हवेच्या जोरावर. आपल्याकडे दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून मुरमावरून जाणारी सळईच्या ब्रेकची काळी सायकल हेच काम बिनबोभाट करत होती. तिला कोणी डोंगराचे नाव दिले नाही एवढेच.

आता आपली वाट पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा सेनगाव, औंढा, कळमनुरीकडचा बराच भाग अजिंठ्याच्या रांगेच्या फाट्यांवरचा, माळरानाचा, हलक्या जमिनीचा. वसमतचा भाग पूर्णेच्या कालव्याखालचा, काळ्या मातीचा, हळदीचा. मधून अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा १६१ क्रमांकाचा महामार्ग जातो. तो चौपदरी आहे आणि त्याच्यावर रोड बाइक लोण्यातून सुरी जावी तशी जाते. पण महामार्ग म्हणजे जिल्हा नव्हे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि त्यातले शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यात राहत होते. खेड्याचा रस्ता म्हणजे पावणेचार मीटर रुंदीची डांबरी पट्टी. समोरून उसाची ट्रॉली आली की सायकलवाल्याने साइडपट्टीवर उतरायचे, हा अलिखित कायदा. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात चार बोटांची पायरी असते. उतरणे सोपे, परत चढताना पंचवीस मिलिमीटरचा टायर त्या काठाला समांतर घासतो, चाक अडते आणि माणूस आडवा होतो. दोन इंची टायर तीच पायरी जरा तिरपे घेतले की गिळून टाकतो. सायकलच्या जाहिरातीत सगळे दिसते, साइडपट्टी दिसत नाही.

दुसरी गोष्ट काट्याची. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचा सराटा जमिनीलगत पसरतो. फळे वाळून फुटली की एकेक तुकडा असा पडतो की कसाही लोळवा, एक काटा वर राहतोच. रोड बाइकच्या टायरला रबर पातळ आणि हवा ऐंशी ते शंभर पौंडांची. सराटा लागला की फुस्स. जाड टायरमध्ये तीस-चाळीस पौंड हवा असते, आणि दातेरी रबराच्या गुठळीत बरेच सराटे वरच्यावर अडकून राहतात. अर्थात कुंपणातून निसटलेला बाभळीचा लांब काटा कोणाचीच भीड ठेवत नाही. पण खरा फरक पंक्चर झाल्यावर कळतो. माउंटन बाइकच्या ट्यूबचा वॉल मोटारसायकलीच्या वॉलसारखाच असतो, त्यामुळे वारंगा फाट्यापासून कुठल्याही फाट्यावरच्या टपरीत कॉम्प्रेसरची नळी लावली की हवा भरली. जुन्या काळ्या सायकलीची वॉलट्यूब तर किराणा दुकानातही मिळायची. रोड बाइकला बहुधा काडीसारखा बारीक, डोक्याला पितळी स्क्रू असलेला प्रेस्टा वॉल असतो. टपरीवाला तो बोटाने फिरवून पाहतो आणि परत देतो. त्यासाठी लागणारी पितळी टोपी, म्हणजे अडॅप्टर, नखाएवढी असते. ती खिशात नसेल तर साठ-सत्तर हजारांची सायकल फाट्यावर उभी राहते.

असे असूनही रोड बाइकची बाजू लंगडी नाही. हवेचा अडथळा पार करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी १५ किलोमीटरला जेवढी लागते त्याच्या आठपट ताशी ३० ला लागते. म्हणून वेगात जाणाऱ्याने पाठ वाकवून अंग लहान करणे हा चोख हिशेब आहे आणि खाली वळलेले हँडल त्यासाठीच असते. पण हाच हिशेब उलटा लावला तर ताशी १४-१५ किलोमीटरने शेतावर, शाळेत, बाजारात जाणाऱ्याला वाकण्याचा फायदा जवळजवळ शून्य. हिंगोली ते औंढा सुमारे २५ किलोमीटर. ताशी १६ च्या गतीने दीड तासावर चार मिनिटे लागतील, ताशी २२ ने एक तास आठ मिनिटे. जो रोज पहाटे हे अंतर तोडतो त्याला ही पंचवीस मिनिटे मोलाची आहेत. वर्षातून एकदा श्रावणी सोमवारी औंढ्याच्या नागनाथाला जाणाऱ्याला नाहीत. शिवाय बारीक आणि कडक टायर म्हणजे वेगवान टायर, ही समजूत आता रोडच्या शर्यतवाल्यांनीच सोडली आहे. पंधरा वर्षांपूर्वी ते तेवीस मिलिमीटर वापरत, आज अठ्ठावीस-तीस सर्रास झाले. खडबडीत डांबरावर कडक टायर प्रत्येक खडीबरोबर सायकल आणि स्वार दोघांना उचलतो, त्यात ताकद वाया जाते. मऊ टायर खडीपुरताच दबतो. सीलकोट उडालेला, खडी वर आलेला आपला गावरस्ता युरोपच्या गुळगुळीत रस्त्यापेक्षा हे तत्त्व अधिक चांगले शिकवतो.

वजनाचाही बाऊ केला जातो. रोड बाइक दहा किलो, स्वस्त माउंटन बाइक सतरा किलो, म्हणजे पावणेदोन पट, असे विकणारे सांगतात. चढावर पायाला सायकल आणि माणूस दोघे मिळून ओढावे लागतात. पासष्ट किलोच्या माणसासकट पंचाहत्तर आणि ब्याऐंशी, फरक नऊ टक्क्यांच्या आसपास. त्यापेक्षा गिअर महत्त्वाचा. काळी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते, म्हणून चढावर उतरून ढकलावी लागते. रोड बाइकचा सर्वांत हलका गिअर अडीच मीटर, माउंटन बाइकचा पावणेदोन मीटर आणि काहींचा त्याहून कमी. औंढ्याच्या आसपासच्या टेकड्यांवर चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्याला हा पाऊण मीटर सात किलोपेक्षा जास्त दिलासा देतो.

यावर कोणी म्हणेल, मग घ्या दुकानातली शॉकपवाली आणि मिटवा. इथेच माझा विरोध आहे. दहा-बारा हजारांच्या सायकलीतला शॉकप म्हणजे दोन नळ्यांत बसवलेली स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग सावकाश परत यावी यासाठी चांगल्या शॉकपमध्ये तेलाची योजना असते; स्वस्तात ती नसते. उभे राहून पायडल मारले की पुढचा भाग दंड-बैठका काढू लागतो आणि पायाची मेहनत स्प्रिंगमध्ये मुरते. दोन पावसाळ्यांत नळ्या गंजतात, तिसऱ्या वर्षी शॉकप घट्ट होऊन बसतो आणि दुरुस्तीला सुटा भाग मिळत नाही. म्हणजे पैसे मोजून दोन-अडीच किलो ओझे विकत घेतले. साध्या, सरळ फोर्कची माउंटन बाइक घ्यावी आणि शॉकपचे काम टायरवर सोपवावे: हवा पाच पौंड कमी करा, झाला शॉकप. त्यातही दातेरी टायर उतरवून मधे सपाट पट्टा असलेला पावणेदोन इंची टायर चढवला तर डांबरावरची घरघर थांबते आणि मुरमावरची पकड फारशी जात नाही. हा बदल कोणताही मिस्त्री अर्ध्या तासात करून देतो.

दुसरा आक्षेप चिखलाचा. दातेरी टायर नको म्हणता, मग पावसाळ्यात पाणंदीतून जायचे कसे? याचे प्रामाणिक उत्तर असे की काळ्या मातीत कोणताच टायर चालत नाही. ही माती ओली झाली की फुगते, चिकटते. दातेरी टायर तिला सोडण्याऐवजी धरून ठेवतो, वीस-पंचवीस फेऱ्यांत ब्रेक आणि फोर्क यांच्यामध्ये ढेप बसते आणि चाक जाम. काडीने उकरा, पुन्हा वीस पावले. तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि खांद्यावर घ्यायची तर रोड बाइकच बरी, एवढा मान तिला दिलाच पाहिजे.

मजेचे काय? तीही वाटेवर अवलंबून आहे. रोड बाइकची मजा लयीची असते. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही जवळपास पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी ती जोडीने पार पाडली. आपल्या नर्सीच्या संत नामदेवांच्या मागावर पंढरपूरहून पंजाबातल्या घुमानपर्यंत अलीकडे सायकल यात्रा निघते, तीही दोन हजार किलोमीटरांच्या वर. आमच्या पोरांनी अशी स्वप्ने पाहायची नाहीत का, असे कोणी विचारील. जरूर पाहावीत. ज्याला पहाटे महामार्गावरून नांदेडला जाऊन यायची ओढ आहे त्याने रोड बाइकच घ्यावी, प्रेस्टाची पितळी टोपी आणि दोन ट्यूब खिशात ठेवाव्यात. पण ती त्याची दुसरी सायकल असावी. पहिल्या सायकलीची मजा निराळी. सिद्धेश्वर धरणातून निघालेल्या कालव्याच्या कडेने मुरमाचा रस्ता जातो. पाणी आपोआप वाहावे म्हणून कालव्याला अगदी नावापुरता उतार दिलेला असतो आणि टेकडी आली की तो तिला वळसा घालतो, त्यामुळे त्याच्या कडेच्या वाटेवर चढ जवळजवळ लागतच नाही. ट्रॉलीची भीती नाही, माघ-फाल्गुनात हळद शिजण्याचा वास, बगळे, आणि टायरखाली मुरमाची बारीक करकर. ही वाट बारीक टायरला बंद आहे. सायकलपटूंच्या नकाशात ती नसेल. सिंचन खात्याच्या नकाशात आहे.

शेवटी ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्याविषयी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. या जिल्ह्यात रोज सर्वांत खडतर वाटेवर सायकल चालवणारा वर्ग हाच, आणि माउंटन की रोड या वादात त्यांचे नावही नसते. त्यांच्या वाट्याला टोपली, चकचकीत मडगार्ड आणि बहुधा मापाला चुकलेली फ्रेम येते, कारण दुकानात ‘२४ नंबर, २६ नंबर’ म्हणून जे सांगतात ते चाकाचे माप असते, फ्रेमचे नाही. सीटवर बसून, पायडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. एवढी एक कसोटी पालकांनी दुकानात लावली तरी मुलीची निम्मी दमछाक वाचेल. गिअर नसला तर मागच्या चक्रीला दोन-चार दात जास्त घ्या, टायर जाड बघून घ्या.

दसऱ्याला पुष्कळ घरांत सायकली येतील. दुकानात गेल्यावर आधी टायर अंगठ्याने दाबा, वॉल बघा, मुलीला सीटवर बसवून टाच टेकवा. शॉकप आणि स्टिकर शेवटी. आणि ज्यांच्याकडे बारीक टायरची सायकल आधीच आहे त्यांना एवढेच सांगतो की सराटा अजून हिरवा आहे. दिवाळीपर्यंत तो वाळेल. तोवर टायर बदलून घ्या.