पश्चिमेची खिडकी
(उत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



पुण्या-नाशिकच्या घरांचे आडाखे इथे तसेच्या तसे चालत नाहीत. तंजावर विषुववृत्तापासून जेमतेम पावणेअकरा अंशांवर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवा. पश्चिमेला मात्र छज्जा पुरत नाही. चारनंतरचे ऊन तिरपे होऊन छज्ज्याखालून थेट पलंगावर येते.

मग आपण आतून जाड पडदा लावतो. पण ऊन तोवर काच ओलांडून आलेले असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. एसी बिचारा तीच उपसत बसतो, बिल आपण भरतो! आडोसा काचेच्या बाहेर हवा, आणि वेळेप्रमाणे उघडमीट करता येणारा हवा.

पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या इमारतीला १९८७ साली उजेडाप्रमाणे उघडमीट होणाऱ्या धातूच्या झडपा बसवल्या. पुढे त्यांतल्या बऱ्याच अडकून पडल्या. आपल्याला बाहेरून टांगलेला बांबूच्या कामट्यांचा पडदा पुरे. दोरी ओढली की वर.

आपल्यापैकी जे फ्लॅट घेत आहेत त्यांनी बिल्डरला विचारावे : पश्चिमेला काच किती? बाहेर पडद्यासाठी हुक आहेत का? केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छत सोडून बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा आहे; तो आकडाही मागावा. हे सारे बुकिंगआधी. ताबा घेतल्यावर बाहेर खिळा ठोकायला सोसायटी परवानगी देईलच असे नाही.