वडिलार्जित पलंगाचा जीर्णोद्धार

वडिलार्जित मालमत्तेची वाटणी होते तेव्हा शेत मोजता येते, दागिने तोलता येतात, भांडी मोजून घेता येतात. परंतु जुन्या पलंगाचे काय करावे, हा प्रश्न पंचांनाही सुटत नाही. तो तोडून वाटता येत नाही; विकावा तर मन धजत नाही; आणि निजण्याच्या खोलीत मांडावा तर त्याची कळा पाहून तरुण मंडळी नाक मुरडतात. अखेर तो अडगळीत जातो व त्यावर धान्याची पोती पडतात. अशा पलंगास पुन्हा मानाने खोलीत कसे आणावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

या विचारास मुलचेऱ्यासारखे दुसरे योग्य स्थळ नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील हा तालुका सागाच्या मुलखात वसलेला आहे. आलापल्लीचे प्रसिद्ध अरण्य येथून दूर नाही. याच मुलखातील सागवान मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी वाजतगाजत रवाना झाले. ज्या लाकडाची एवढी कीर्ती, त्याचाच पलंग घरात पोत्यांखाली पडून असावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मुलचेऱ्यातील एखाद्या घरचा असा पलंग डोळ्यांसमोर आणावा. आजोबांनी तो करवून घेतला. त्यावर दोन पिढ्यांचे जन्म झाले, आजारपणे निघाली, कोणी शेवटचा श्वासही त्यावरच घेतला. मध्यंतरी कोणी त्यावर निळा रंग चढविला, पुढे कोणी हिरवा. आता सून म्हणते, पांढरा रंग देऊन टाकावा. सासूबाई म्हणतात, त्यास हातच लावू नये. खरे पाहता दोघींचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. रंगाखाली लाकूड दडपणे हा जीर्णोद्धार नव्हे. आणि मळ व ढेकूण यांना वारसा मानून जपणे ही भक्तीही नव्हे.

प्रथम लाकडाची परीक्षा करावी. सागाच्या गाभ्यात स्वाभाविक तेल व वाळवीस न मानवणारी द्रव्ये असतात, म्हणून तो दीर्घकाळ टिकतो. सालीकडील पांढरट भाग मात्र कमजोर. कीड लागली असेल तर बहुधा तेथेच. तेवढा तुकडा बदलावा, सबंध खूर टाकून देऊ नये. सांधे ढिले झाले असल्यास खिळे ठोकण्याचा मोह आवरावा. खिळ्याने लाकूड फाटते. जुना सरस मात्र कोमट पाण्याने मऊ होतो, सांधा सुटतो, स्वच्छ होतो आणि पुन्हा बसविता येतो.

आता रंग काढण्याचे काम. येथे सावधगिरी अवश्य पाहिजे. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव फार. घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा धरू नये. तो कोरडा घासल्यास त्याची धूळ श्वासावाटे पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून काम अंगणात करावे, पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावे, तोंडास योग्य मुखपट्टी बांधावी, मुलांना दूर ठेवावे, आणि निघालेले पोपडे चुलीत न घालता गोळा करून वेगळे ठेवावेत. रंग गेल्यावर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, आधी जाड व मग बारीक, पॉलिशकागद फिरवावा. आडवा ओरखडा पॉलिशखाली दुप्पट उठून दिसतो.

तेज देण्यासाठी लाखेसारखे द्रव्य नाही. पळस, कुसुम व बोर या झाडांवर राहणारा एक बारीक कीटक ही लाख निर्माण करतो. पळस आणि कुसुम ही तर या अरण्यातलीच झाडे. लाखेच्या संशोधनासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे स्वतंत्र संस्था निघाली, यावरून तिचे महत्त्व ध्यानात येईल. एक लिटर स्पिरिटात सुमारे पाव किलो चपडी लाख रात्रभर भिजवावी व गाळून घ्यावी. सागाचे तेलकट अंग आधी स्पिरिटाने पुसावे. मग कापूस मलमलीत गुंडाळून त्याच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा आठ पातळ हात बरे. मात्र भर पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत लाखेवर पांढरट झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. स्पिरिट विषारी आहे व चटकन पेटते, म्हणून जवळपास दिवा वा विडी नको. लाक्षागृहाची कथा आपण विसरलेलो नाही. जवसाचे तेल वापरल्यास त्याच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या बाहेर सुट्या पसरून वाळवाव्यात.

कोणी विचारील, बाजारात लाखेपेक्षा टणक लेप मिळतात, ते का वापरू नयेत? लाखेस गरम पेल्याचा व पाण्याचा डाग पडतो, हे खरे. परंतु तो डाग नव्या हाताने दुरुस्त होतो, कारण नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. आणि उद्या नातवास सर्व काढून टाकावेसे वाटले तर स्पिरिटाची एक चिंधी पुरते. टणक लेप काढण्यासाठी मात्र लाकूडच झिजवावे लागते. वारशाच्या वस्तूवर आपण असेच काम करावे की जे पुढच्या पिढीला उलगडता येईल. आपण त्या वस्तूचे अखेरचे धनी नव्हे.

म्हणूनच घासताना थोडे थांबावे. उशाकडील फळीवर समईने पडलेला काळा डाग असेल, एखाद्या मुलाने चाकूने कोरलेली रेघ असेल. ती भरून गुळगुळीत करण्याची घाई नको. मळ काढावा, खूण ठेवावी. सुनेस स्वच्छ, देखणा पलंग मिळेल, आणि सासूबाईंना काळोखातही हात फिरविताच ओळखू येणारी ती जागा सापडेल.