एवढंही येत नाही का?

आज थोडं कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमिंगबद्दल बोलू. आमच्या चिखलीच्या गटात काही कॉलेजच्या मुली आहेत, काही एमएस-सीआयटी करून पुढं शिकणाऱ्या गृहिणी. आम्ही पायथन शिकतो. भाषा तशी सोपी. अडतं ते विचारताना.

एकीनं वर्डमधली ओळ जशीच्या तशी पायथनमध्ये चिकटवली. प्रोग्रॅम चालेना. वर्ड सरळ अवतरणचिन्हं आपणहून वळवून ठेवतो आणि पायथनला ती चालत नाहीत. डोळ्यांना फरक तिळाएवढा. तिनं एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं, "आधी गूगल कर." अहो, ज्या चिन्हाचं नाव माहीत नाही ते शोधायचं कसं, आणि तेही इंग्रजीत? पुढं आठ दिवस ती फिरकलीच नाही. "मले नाही जमत हे," म्हणाली. जमत होतं की! चूक दोन चिन्हांची होती.

हे फक्त आपल्याकडचं नाही. स्टॅक ओव्हरफ्लो ही जगभरच्या प्रोग्रॅमरांची प्रश्न विचारायची जागा. २०१८ मध्ये तिथल्या लोकांनीच जाहीर मान्य केलं, की नवशिक्यांना आणि बायकांना तिथं परकं वाटतं. मग नव्या माणसाच्या प्रश्नावर तशी खूण लावू लागले, म्हणजे इतरांनी सांभाळून बोलावं. न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये तर नियमच आहे: समोरच्याला एखादी गोष्ट माहीत नसली तर आश्चर्य दाखवायचं नाही. "अय्या, तुला हे माहीत नाही?" म्हणायला बंदी. (हा नियम सासू-सुनांनाही चालेल, पण ते राहू द्या.)

आम्ही तो उचलला. विचारणारीनं काय टाइप केलं, काय व्हायला हवं होतं आणि पडद्यावर काय आलं, एवढं सांगायचं. फोटो पाठवला तरी चालतो. जाणकार फोटोला नाकं मुरडतात, पण तिघींत एक लॅपटॉप असल्यावर दुसरं काय करणार? उत्तर देणारीनं मात्र तिचा कीबोर्ड आपल्याकडं ओढायचा नाही. हेच पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण स्वतः दुरुस्त करून देणं अर्ध्या मिनिटाचं काम असतं.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे बरेच धडे मराठीतही आहेत. धडा बघताना कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलं, ते सांगून तिथं प्रश्न विचारता येतो. घरी एकट्या शिकत असाल तर तिथून सुरुवात करा. आणि प्रोग्रॅम लिहायला वर्ड नको, नोटपॅड घ्या.