झुपकेदार शेपटीच्या उंदराचे वजन



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही 'उंदीर' असे उत्तर दिले, आणि त्यांचा चेहरा जरा पडला. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने बोनस आणि महागाई यांवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असणार. कामगारांचा विषय येईलच. पण उंदराच्या वाटेने येईल.

उंदराशी आमची ओळख पोटापाण्यातून झाली. आमच्या युनियनमध्ये रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे सभासद आहेत. त्यांची हजेरी मारलेल्या उंदरांच्या संख्येवर ठरते. त्यांतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हाला एकदा विचारले, "भाऊ, घूस हातात धरवत नाही आणि घरातला उंदीर मुठीत मावतो. हे माप ठरवतं कोण?" आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. उत्तर ठाऊक नव्हते. म्हणून वाचनालयात शोधू लागलो, आणि शोधता शोधता थेट अमेरिकेला पोहोचलो.

तेथे उंदरांचा एक निराळाच गोतावळा आहे. शास्त्रज्ञ त्याला 'निओटोमा' म्हणतात, लोक 'वुडरॅट' किंवा 'पॅकरॅट' म्हणतात. आपण रानउंदीर म्हणू. याला गटार आवडत नाही. मोठे डोळे, मोठे कान, आणि शेपटीवर केस. काटक्या, निवडुंगाचे काटेरी तुकडे, हाडे, जे सापडेल ते ओढून आणायचे आणि त्याचा ढीग रचून आत राहायचे, हा याचा धर्म. एका घरात सहसा एकच प्रौढ प्राणी. वाटेत चकाकणारी वस्तू दिसली की तोंडातली काडी तेथेच टाकून ती उचलतो. म्हणून तिकडचे लोक याला व्यापारी उंदीर म्हणतात. काही ठेवून काही नेणारा व्यापारी आम्ही तरी अजून उंदरांतच पाहिला आहे.

याच्या वीसांहून अधिक जाती आहेत. त्यांतला वाळवंटी रानउंदीर भरतो शंभर ते दोनशे ग्रॅम. डोंगरातल्या थंड कपारींत राहणारा झुपकेदार शेपटीचा त्याचा भाऊबंद मात्र थोराड. मादी पाव किलोच्या आसपास, आणि मोठा नर अर्ध्या किलोच्याही वर. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हातभर लांब, त्यात निम्म्याला थोडी कमी शेपटीच. आयुष्य मात्र दोघांचेही तुटपुंजे. बहुतेक पिले पहिले वर्षही पाहत नाहीत. जगली वाचली ती दोन-तीन वर्षे काढतात. हे आयुष्याचे माप श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मापे ठरवतो कोण? मोठ्या पातेल्यातला भात उशिरा निवतो आणि वाटीतला लवकर, हे आपल्या घरातील बायामाणसांना कोणी शिकवावे लागत नाही. शरीराचेही तसेच. मोठे अंग ऊब धरून ठेवते, लहान अंग ती लवकर टाकते. थंडीत पहिले सोयीचे, उन्हाळ्यात दुसरे. ब्राउन आणि ली या दोघा संशोधकांनी 1969 साली दाखवले की उष्ण मुलखातले रानउंदीर अंगाने लहान असतात, आणि उष्णता वाढवीत नेली तर मोठ्या अंगाचे आधी दगावतात.

येथवर ही गोष्ट आजच्या उंदरांची झाली. पण हजारो वर्षांपूर्वीच्या उंदराचे वजन कोण करणार? ते त्याच्या उकिरड्याने केले आहे. हा प्राणी आपल्या उकिरड्यावरच मुततो. कोरड्या हवेत ते मूत सुकून त्याचा राळेसारखा कडक, चकाकता थर बनतो आणि त्यात काड्या, पाने, लेंड्या चिकटून राहतात. 1849 साली सोन्याच्या शोधात निघालेली काही मंडळी नेवाडाच्या वाळवंटात भुकेने व्याकूळ झाली असता त्यांना असे चकाकणारे गोळे दिसले. खडीसाखरेचा प्रकार समजून त्यांनी ते खाल्ले. चव गोडसर लागली म्हणतात, मागाहून मळमळले. भुकेला माणूस काय खाणार नाही!

कोरड्या गुहेत पाऊस लागला नाही तर असे उकिरडे चाळीस हजार वर्षांहूनही अधिक टिकतात. 1964 साली वेल्स आणि जोर्गेनसेन यांनी ते उकलून दाखवले की आज जेथे उजाड वाळवंट आहे तेथे एके काळी जुनिपरची झाडे होती. पुढे फेलिसा स्मिथ, बेटानकोर्ट आणि ब्राउन यांनी पाने बाजूला ठेवून लेंड्याच मोजल्या. उंदीर जितका मोठा, तितकी लेंडी रुंद. पिलांच्या बारक्या लेंड्याही त्यात मिसळलेल्या असतात, म्हणून मोठ्यांत मोठ्या निवडायच्या. 1995 साली त्यांनी पंचवीस हजार वर्षांचा हिशेब छापला. हवा थंड झाली की झुपकेदार शेपटीचा उंदीर मोठा होत गेला. हवा तापली की पुन्हा लहान. एवढेच नव्हे, डेथ व्हॅलीच्या पूर्वेकडील डोंगरांतून तो पुढे पार नाहीसा झाला आणि त्याच्या जागी वाळवंटी जातीचा लहान उंदीर आला. त्या दरीत 1913 च्या जुलैत 56.7 अंश उष्णता नोंदली गेली आहे.

हे सारे वाचत असतानाच, एका वैशाखात आम्ही रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या कामगारांच्या वेळा बदलून मागत होतो. समोरचे अधिकारी सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "अहो, ही माणसं पिढ्यान् पिढ्या उन्हात राबतायत. त्यांना सवय आहे." मागे हा युक्तिवाद ऐकून आम्ही नुसते चिडलो असतो. त्या दिवशी आम्हाला उंदीर आठवला.

उंदरालाही उन्हाची 'सवय' झाली, हे खरे. पण ती झाली कशी? कोणा एका उंदराने मन घट्ट केले आणि तो लहान झाला, असे नव्हे. मोठ्या अंगाचे उन्हात मेले, किंवा त्यांची पिले मागे राहिली नाहीत. लहान अंगाचे उरले आणि त्यांची संतती वाढली. वर्षा-दोन वर्षांत एक पिढी सरत असल्यामुळे हजार वर्षांत त्यांच्या पाच-सातशे पिढ्या होऊन गेल्या. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर हजार वर्षांत चाळीसच होतात. आणि उंदीर दुपारी आपल्या ढिगाखाली, कपारीच्या गारव्यात झोपतो. रात्री बाहेर पडतो. बारा वाजता डांबराच्या पिंपाजवळ त्याला कोणी उभे करीत नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आम्हाला उंदराची साक्ष याहून मोठी काढावयाची होती. मजुरांची पोरे ठेंगणी राहतात तीही अशीच, असे म्हणावयाचा मोह झाला होता. तो आवरला. पोरे ठेंगणी राहतात ती बरीचशी अर्धपोटी राहिल्याने आणि वरचेवरच्या आजारपणाने, एकाच पिढीत; त्याचा उपाय ताटात आणि नळावर आहे. उंदराचे लहान होणे निराळे. दोन्हींची सरमिसळ केली तर समोरचा माणूस "वंशच तसा" म्हणावयास मोकळा होतो.

त्या अधिकाऱ्यांना आम्ही उंदराची हकीकत सांगितली. ते हसले, मग थोडे गप्प झाले. आठवड्याने काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवण्याचा हुकूम निघाला. सावलीचे छप्पर आणि पिण्याचे पाणी यांवर बोलणी अजून चालू आहेत. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्या गृहस्थांना आम्ही हे सर्व ऐकवले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग तो थोराड उंदीर आता कुठं गेला?" थंड डोंगरांत, वर, जेथे अजून गारवा आहे तेथे, असे आम्ही सांगितले.